तांदळाच्या खोलीतला हेडफोन

मित्रांनो, माझ्यातून कधी गाणे वाजले नाही. मी मुलांचे कान तपासणारा हेडफोन आहे. सहा वर्षांच्या नोकरीत मी एकच आवाज काढला : 'टूंऽऽ'. कधी जाड, कधी बारीक, तर कधी इतका हलका, की तो ऐकताना मुले श्वाससुद्धा रोखून धरीत.

माझी जुळणी सातपूरच्या एका लहान कारखान्यात झाली. बाहेरचा गोंगाट आत शिरू नये म्हणून हर्षाली नावाच्या कामगार मुलीने माझ्या दोन्ही बाजूंना जाड गाद्या बसवल्या. मग माझा आवाज मोजून घेतला गेला. कान तपासण्याचे मोठे यंत्र शहरातल्या दवाखान्यात, बंद खोलीत असते. ते जागचे हलत नाही. मुलांनाच त्याच्याकडे जावे लागते. मला मात्र साध्या मोबाइलला जोडले की काम सुरू होते. मी स्वस्त, आणि स्वस्त म्हणूनच कापडी पिशवीत बसून सायखेड्यापासून पेठच्या डोंगरापर्यंत शाळा पाहू शकलो.

ज्यांच्या पिशवीत मी राहिलो, त्या शुभांगीताई मुलाला समोर बसवीत, मला त्याच्या डोक्यावर चढवीत आणि सांगत, "आवाज आला की बोट वर कर." ऐकू आले तर मोबाइलवर हिरवी खूण, नाही तर लाल. मुलांना ती परीक्षाच वाटे. "पास का, मॅडम?" असे विचारल्याशिवाय कोणी उठत नसे.

ताई कामाला चोख होत्या; पण त्यांना दोन सवयी होत्या. काम संपले की माझी वायर त्या मोबाइलभोवती करकचून गुंडाळीत. आणि आवाज सोडताना, मुलाला धीर द्यावा म्हणून, नकळत हनुवटी किंचित खाली-वर करीत. 'आला ना?' असे जणू विचारीत. मला हे दोन्ही ठाऊक होते. पण मला 'टूं'पलीकडे बोलता येत नव्हते.

दिंडोरी तालुक्यातल्या एका वस्तीशाळेत आम्ही दरवर्षी जात असू. शाळेच्या तिन्ही बाजूंना द्राक्षबागा. फवारणीच्या दिवसांत ट्रॅक्टरवरचा ब्लोअर असा घोंघावे, की वर्गात पाढेही ऐकू येत नसत. म्हणून तपासणी खिचडीच्या तांदळाच्या खोलीत चाले. पोत्यांच्या थप्प्या बराचसा आवाज गिळून टाकीत. तूरडाळीचा वास आणि उंदरांची खुडबुड एवढे मात्र सोसावे लागे.

तिथेच मला संध्या भेटली. तिचे आईवडील, सरिता आणि यादव, पेठकडचे. छाटणीपासून खुडणीपर्यंत बागेत मजुरी करायची, मग गावी परतायचे, असा त्यांचा नेम. पहिल्या वर्षी संध्याने प्रत्येक आवाजाला बोट वर केले. सगळ्या खुणा हिरव्या. मला मात्र काहीतरी खटकले होते. इतर मुले आवाज आल्यावर डोळे बारीक करीत. ही डोळे मोठे करून ताईंच्या तोंडाकडे बघत राही.

दुसऱ्या वर्षीचा नोव्हेंबर. सकाळी ताईंनी मला स्वतःच्या कानांवर लावून पाहिले, तेव्हा मी ठीक होतो. दुपारी मात्र ओळीने तीन मुलांनी बोटच वर केले नाही. ताईंना वाटले, ब्लोअरचा आवाज फारच आत येतो आहे. त्या बांधावर गेल्या.

"दादा, तासभर थांबवता का?"

बागमालक महेश ट्रॅक्टरवरून उतरलासुद्धा नाही. "मॅडम, सकाळी धुई होती. आज फवारलं नाही तर डावणी रोग बाग खाऊन टाकंल. मग तुमचं टूं टूं मी काय पेटीत भरून विकू?"

"तुमची सृष्टी पण आतच बसलीये हो."

महेशने डोके खाजवले आणि ट्रॅक्टर बंद केला. "तासभरच हं."

आता संध्याची पाळी होती. दाराशी तिचे वडील येऊन उभे होते. संध्याचे बोट न चुकता वर गेले. सगळ्या खुणा हिरव्या.

"शाब्बास!" ताई म्हणाल्या. "बघा सर, हिला सगळं ऐकू येतं."

संध्याचे वर्गशिक्षक सोमनाथ सर वैतागले. "मग हाका मारल्या तरी लक्ष का देत नाही ही?"

यादव हळूच पुढे झाला. "गुरुजी, मंग पोरीला नेऊ ना? धाकल्याला सांभाळाया कोनी नाय. तिला शाळंचं डोकं नाय, तुमीच म्हनलात. उद्यापासून नाय येनार ती."

सरांनी त्याला अडवले नाही. कान चांगले असून जी शिकत नाही, तिच्यासाठी काय म्हणून अडून बसायचे? यादवने संध्याचा हात धरला आणि दोघे बागेच्या वाटेला लागले.

मला सृष्टीच्या डोक्यावर चढवले गेले. ती जरा वेळ बसली आणि म्हणाली, "मॅडम, हे वाजतच नाहीये."

"नीट ऐक."

"अहो, खरंच! उंदीर ऐकू येतोय, पण ह्याचं काहीच नाही."

ताईंनी मला आपल्या कानांवर लावले. बटण दाबले. पुन्हा दाबले. गुंडाळून गुंडाळून माझी वायर जोडापाशी आतून तुटली होती. दोन्ही बाजू मुक्या होत्या.

"मग संध्याने..." एवढेच ताई म्हणाल्या. मोबाइलवरच्या हिरव्या खुणांकडे त्यांनी पाहिले आणि मला डोक्यावर तसेच ठेवून त्या धावल्या. माझी तुटकी वायर त्यांच्या मागे लोंबत होती.

"यादवभाऊ, थांबा!"

यादव वळला. संध्या वळली नाही. वडिलांचा हात थांबला, तेव्हा ती थांबली.

पिशवीतली दुसरी वायर मला जोडली गेली. या वेळी ताईंनी संध्याला पोत्यांकडे तोंड करून बसवले आणि स्वतः मागे उभ्या राहिल्या. मी आवाज काढले. हलके, मग मध्यम, मग बरेच मोठे. बोट मांडीवरच राहिले. अगदी मोठ्या आवाजाला तेवढे ते घाबरत घाबरत वर आले.

"पर ती हाक मारली की येते, बाई," यादव म्हणाला.

"समोरून मारता ना?"

सोमनाथ सर खाली बघत होते.

"गेल्या वर्षी मीच पास केलं हिला," ताई म्हणाल्या. "चूक माझी आहे. तिचं नाव काढू नका, सर."

संध्याला नाशिकला नेले. मोठ्या यंत्राने माझे म्हणणे खरे ठरवले. श्रवणयंत्रे यायला तीन महिने लागले. ती कानांत बसवून संध्या शाळेत आली, तेव्हा बागेत खुडणी सुरू होती. शेजारून एक ट्रॅक्टर गेला आणि संध्याने दोन्ही हातांनी कान झाकले. "हा रोज एवढा वरडतो?" सगळे हसले. मग दाराआडून सरितेने अगदी हळू हाक मारली, "संध्ये..." संध्या वळली. सरितेने पदर तोंडाला लावला. यादव मात्र पुन्हा पुन्हा मागे जाऊन हाका मारीत राहिला, आणि शेवटी लेकच म्हणाली, "बा, आता बास!"

मित्रांनो, आता माझ्या गाद्या तडकल्या आहेत. आवाज पुन्हा मोजून घेईपर्यंत मी कपाटात आहे. तुमच्या वर्गात कोणी उशिरा हसणारे असेल, सगळ्यांचे बघून वही उघडणारे असेल, तर त्याला चिडवू नका. एकदा त्याच्या मागे उभे राहून हळूच हाक मारा. वळले नाही, तर बाईंना सांगा.

ताई आता तपासताना मुलाच्या मागे उभ्या राहतात. आणि वायर सैल गुंडाळतात.