वळणावरच्या बाईला आमसुलं

“हळू घ्या. पुढं दरी हाय,” सुंदरी म्हणाली आणि तिनं समोरचा दांडा घट्ट धरला.

गुरुदासनं गियर बदलला. मागच्या बाकावर म्हादूमामा डावीकडं कलंडला आणि पुन्हा सरळ झाला. जीप उभी होती. कुंभारवाड्याच्या चढावर, जांभळीखाली, हँडब्रेक ओढून ती सकाळपासून उभीच होती. दरी इटलीत होती.

त्या सबंध टापूत फोनला रेंज मिळायची ती एवढ्या एका जांभळीखाली. त्यामुळं इटलीला जायचं तर तिथूनच जावं लागे. गुरुदासनं फोन स्टिअरिंगला सुतळीनं बांधला होता. पडद्यावर परदेशातल्या रस्त्याचा, फिरत्या गाडीवरून काढलेला फोटो दिसे, त्यावरचा बाण दाबला की जरा पुढचा रस्ता दिसे, तो दाबला की आणखी पुढचा. शहरातली माणसं हा घाट दहा मिनिटांत चढून मोकळी झाली असती. गुरुदास प्रवासी जीपवाला होता. वळण आलं की तो हॉर्न वाजवायचा.

याचं मूळ असं की, मागच्या हिवाळ्यात बेळगावच्या एका क्लबची मंडळी अणशीच्या घाटात गाड्या फिरवायला आली होती. या क्लबात जुन्या स्पोर्ट्स कारवाल्यांनाच घेत. स्पोर्ट्स कार म्हणजे काय हे गुरुदासनं जवळून पाहिलं तेव्हा त्याला मालकांची दया आली. गाडी बसकी, आवाज मोठा आणि जागा दोनच माणसांना. त्याच्या जीपमध्ये कोंबड्यांसकट अर्धी वाडी बसते. पण पाहुण्याच्या गाडीला नाव ठेवू नये म्हणून तो काही बोलला नाही. पुढं राहून वाट दाखवणं एवढंच त्याचं काम होतं. ते त्यानं आपल्या रीतीनं केलं. आदल्या दिवशी तो सगळा घाट एकटा फिरून आला. कुठं सावली आहे, कुठं म्हाताऱ्या गाड्यांचं इंजिन निवेल, बायकांना उतरायला आडोसा कुठं आहे, हे सगळं बघून ठेवलं. आणि चढ संपल्यावर जे पहिलं घर लागलं, तिथं सगळ्यांना गूळपाण्याला थांबवलं. ते घर त्याच्या ओळखीचं नव्हतं. घरधनीण आधी गोंधळली, मग तिनं पोरींना हाक मारून फणसाच्या झाडाखाली चटया टाकल्या. बेळगावला परतल्यावर मंडळी गाड्यांविषयी कमी आणि त्या गुळाविषयी जास्त बोलत राहिली.

पुढं क्लबनं इटलीच्या डोंगरांत सहल काढायची ठरवली. जुन्या गाड्या तिथंच भाड्यानं मिळणार होत्या. मोठमोठ्या कंपन्यांनी आखून दिलेल्या सहलींत म्युझियमं फार होती आणि सावली कुठंच नव्हती. तेव्हा क्लबचे सेक्रेटरी सागर पाटणेकर गुरुदासकडं आले. थांबे तू ठरव, म्हणाले.

गुरुदासनं सांगितलं की, ज्या वाटेनं आपण स्वतः गेलो न्हाई, त्या वाटेनं माणसं न्यायची न्हाईत. पाटणेकर हसले आणि त्यांनी त्याला फोनमधले रस्ते दाखवले. तो मात्र हसला नाही. त्यानं डिझेलचा काटा पाहिला, टायरांत हवा भरली आणि दुसऱ्या दिवशी तो निघाला.

पहिला घाट त्यानं डाव्या बाजूनं चढला. त्या देशात सगळी उजवीकडून जातात हे कळल्यावर तो मुकाट्यानं पायथ्याशी परत आला आणि पुन्हा उजवीकडून चढला. बातमी वाडीत पसरली. एकेक जण जांभळीखाली येऊन मागच्या बाकावर बसू लागला. म्हादूमामा तर रोजचाच. सुंदरीला घाट लागायचा, म्हणून ती तोंडात लिंबाची फोड धरून बसायची. लग्नानंतर ती नवऱ्याच्या जीपमधून फारशी फिरली नव्हती. सीट भरायची म्हटल्यावर बायकोची सीट आधी जाते, हा धंद्याचा नियम. इटलीला मात्र ती रोज पुढच्या सीटवर बसून गेली. फॉरेस्टच्या वॉचमननं एकदा हटकलं की, रोज इथं काय करायलाईस. म्हादूमामानं त्याला गप्प राहायची खूण केली, कारण समोरून ट्रक येत होता.

जांभळं पिकून बॉनेटवर पडायला लागली त्या सुमारास ते सर्वांत उंच घाटाच्या माथ्यावर पोचले. उतरणीच्या पहिल्याच वळणावर एक घर होतं. दगडाचं, खिडकीत लाल फुलं. अंगणात दोरी बांधलेली, आणि एक म्हातारी बाई हात उंचावून चादर वाळत घालत होती. फोनवाले लोकांची तोंडं पुसट करतात, तसं तिचंही तोंड पुसट होतं.

“थांबवा,” सुंदरी म्हणाली. “बाई कापडं वाळत घालायलीया.”

गुरुदासनं ब्रेक दाबला.

“तोंड झाकून घेतलंय बघा तिनं. कोण कुठला गाडीवाला फोटो काढाय लागल्यावर करंल काय?” सुंदरी बराच वेळ पाहत राहिली. “घर झाडून-पुसून हाय. इथंच पाणी घ्यायचं.”

“व्हय की,” म्हादूमामा मागून म्हणाला. “चादर धुतलीया म्हंजी पाण्याला तोटा न्हाई.”

अशा रीतीनं इटलीतला एक थांबा कुंभारवाड्यात एकमतानं ठरला. आता ज्या घरी पाणी प्यायचं तिथं रिकाम्या हातानं जाणं शोभत नाही. सुंदरीनं त्या वर्षीची चांगली आमसुलं निवडून, उन्हात पुन्हा एकदा वाळवून, पुडी बांधली.

पावसाच्या तोंडावर गणेशगुडीच्या एका लॉजच्या व्हरांड्यात क्लबची बैठक झाली. गुरुदासनं उभं राहून सगळा रस्ता तोंडी सांगितला. कुठल्या झाडाखाली गाड्या लावायच्या, कुठल्या पुलावर मागच्याची वाट पाहायची. मंडळी खूश होती. मग उंच घाटाचा माथा आला, वळण आलं आणि बाई आली.

पाटणेकरांनी चष्मा काढला. “गुरुदास, या बाईला आपण ओळखतो का?”

“न्हाई.”

“तिला आपण येणार हे माहीत आहे?”

“त्या अणशीच्या घराला कुठं म्हाईत होतं?”

“अरे, तो फोटो आहे. कधी काढलाय देव जाणे. ती बाई रोज तिथं चादर घेऊन उभी असेल का?”

“चादर न्हाई तर लुगडं आसंल,” गुरुदास म्हणाला. “घर तर हाय न्हवं? पाणी द्यायला वळख कशाला लागती?”

व्हरांड्यात हशा पिकला. कुणीतरी सुचवलं की त्याऐवजी पुढच्या गावात चांगलं हॉटेल आहे. बहुतेकांनी माना डोलावल्या. पाटणेकरांनी तो थांबा गाळल्याचं जाहीर केलं आणि पुढं सांग, म्हणाले.

गुरुदास खाली बसला. “त्याच्याफुडचं मी न्हाई सांगत,” तो म्हणाला. आवाज त्यानं जरासुद्धा चढवला नव्हता. “वाट म्हंजी निस्तं डांबर न्हवं, सायेब. घाट चढून आलेल्या माणसाला कुणी पाणी इचारलं न्हाई, तर त्यो घाट चढला काय नि न्हाई काय. माझी घरवाली पुडी बांधून बसलीया. तिला काय सांगू, हाटेलात देतो म्हणून?”

 अर्धी सहल आखलेली आणि अर्धी जीपवाल्याच्या डोक्यात, अशी ती अवघड परिस्थिती होती. शेवटी क्लबातल्या सर्वांत ज्येष्ठ सभासद केशरबाई बोलल्या. या बाई नवऱ्याच्या शेजारी चाळीसेक वर्षं त्या बसक्या गाडीत बसत आल्या होत्या आणि त्यांचे गुडघे त्याची साक्ष देत होते.

“मला एवढा घाट झाल्यावर कुठंतरी उतरावंच लागणार,” त्या म्हणाल्या. “तिथंच उतरते. पुडी माझ्याकडं दे रे.”

गुरुदासनं पिशवीतली पुडी काढून दिली. मग पुढची वाट सांगितली.

तो स्वतः जाणार का, हा प्रश्न कुणी काढला नाही. दोन माणसांच्या गाडीत वाट दाखवणाऱ्याला जागा नसते. गुरुदासला त्याचं नवल वाटलं नाही. त्याची सहल तशी झालीच होती.

गणपतीची चवथ आटोपल्यावर मंडळी विमानात बसली. ज्या दिवशी उंच घाट होता, त्या दिवशी जांभळीखाली जीप माणसांनी भरली. सुंदरी पुढच्या सीटवर, लिंबू हातात. तिनं सकाळपासून नीट खाल्लं नव्हतं. बाई भेटली नाही तर आमसुलं परत येतील, आणि परत आलेली भेट घरात कुठं ठेवायची ते तिला उमगत नव्हतं.

दुपार कलता फोन वाजला. पडद्यावर पाटणेकर, आणि मागं ते घर. लाल फुलं होती. दोरी होती. दोरीवर काही नव्हतं.

पाटणेकर हळू बोलत होते. दार एका पुरुषानं उघडलं, पन्नाशीच्या. गाड्या भाड्यानं देणाऱ्याचा माणूस सोबत होता, त्यानं सगळं त्याला समजावून सांगितलं. ती त्याची आई. तिला जाऊन बरीच वर्षं झाली.

म्हादूमामानं टोपी काढली. 

मग पाटणेकरांनी सांगितलं की, तुम्हाला हे घर कसं ठाऊक, असं त्यानं विचारलं, तेव्हा त्यांनी त्याला फोनमधला फोटो दाखवला. त्यानं तो कधी पाहिलाच नव्हता. आपल्या दारातला रस्ता फोनमध्ये कोण बघायला जातं? तो अंगणाच्या बुटक्या दगडी गडग्यावर बसला. पुसट तोंड असूनही उंचावलेल्या हातांवरून त्यानं ओळखलं. मग तो बाण दाबत राहिला. गाडी पुढं गेली की आई मागं राहायची. तो पुन्हा मागं यायचा, आणि ती पुन्हा चादर टाकताना दिसायची.

“अजून तेच करतोय,” पाटणेकर म्हणाले. “फोन माझा आहे, पण मागायचा कसा?”

 सुंदरी पुढं वाकली.

“पाणी दिलं का त्यानं?”

“दिलं की, वहिनी. सगळ्यांना बाहेर खुर्च्या टाकल्या. केशरबाईंनी दोनदा घेतलं. मग छोट्या पेल्यांतून आणखी काहीतरी दिलं, ते पाणी नव्हतं. आता पुढच्या गावाला कोण पोचतंय ते बघायचं.”

“आणि आमसुलं?”

“एक तोंडात टाकलं त्यानं. तोंड वाकडं केलं, आणि दुसरं घेतलं.”

जीपमध्ये पहिल्यांदा म्हादूमामा हसला, मग सगळेच. सुंदरीनं हातातलं लिंबू खिडकीतून टाकून दिलं. गुरुदासनं हॉर्न वाजवला. इटलीत तो ऐकू गेला म्हणतात.

पंधरवड्यानं केशरबाईंनी एक पुडी पाठवली. त्या माणसानं दिलेली. आत त्याच्या आईचे कपड्यांना लावायचे लाकडी चिमटे होते, वापरून गुळगुळीत झालेले.

आता ऊन पडलं की सुंदरी अंगणात कपडे वाळत घालते. आधी केस विंचरते, चांगलं लुगडं नेसते, मग ओली चादर उचलते. त्या वाडीत दिवसाची बससुद्धा धड येत नाही, फोटो काढत फिरणारी गाडी कुठून येणार, असं गुरुदासनं एकदा म्हणून पाहिलं. तिनं चादरीच्या दोन्ही टोकांना ते चिमटे लावले आणि हात वर ठेवूनच, रस्त्याकडं तोंड करून, ती जराशी थांबली.