शेपटीची चरबी आणि साबणाचं पाणी

बुरुलचाच्या लशीच्या डब्यातला बर्फ फार तर संध्याकाळपर्यंत टिकणार होता. घाटापलीकडच्या कुरणात नवऱ्याच्या चारशे मेंढ्यांना आजच लस टोचायची होती. ती गावची जनावरांची डॉक्टर. पण आधी मोटारसायकलचं पुढचं चाक तयार व्हायला हवं होतं.

मागच्या आठवड्यात उतारावर ब्रेक दाबताच टायर रिमवर गोल सरकला, सोबत ट्यूब ओढली गेली आणि तिचा व्हॉल्व्ह मुळापासून तुटला. टायर बसवला होता सासऱ्यांनी, मेंढीच्या शेपटीची चरबी चोळून. गावात बिजागरीपासून सर्दीपर्यंत सगळ्यावर तीच चरबी.

आज नव्या टायरची एक कड तिने रिमवर चढवली, किंचित हवा भरलेली नवी ट्यूब आत सरकवली आणि साबणाचं पाणी आणायला घरात गेली. परत येऊन दुसऱ्या कडेला हात लावला, तर बोटं चरबीवरून घसरली.

"बाबा, हे काय केलंत?"

"मदत केली, सूनबाई. तुझं पाणी येईस्तोवर मेंढ्या म्हाताऱ्या होतील."

"साबण वाळतो आणि टायर रिमला धरून बसतो. चरबी वाळतच नाही."

"चाळीस वर्षं पडलो नाही मी!"

"तुम्ही घोड्यावर होतात, बाबा."

म्हातारा मिशीत हसला, पण हटला नाही. "तसाच चढव. ऊन चढतंय."

बुरुलचाने उन्हाकडे पाहिलं. सगळं उतरवून धुवायचं म्हणजे तास गेला. तरी बर्फाला तेवढा तास झेपणार होता. घाटातल्या उताराला चरबी झेपली नसती. "उतरवते," ती म्हणाली. "तुम्ही पाणी तापवा. धुण्याचा सोडा घालून."

पुटपुटत सासरे गेले आणि चहाचं पाणी उकळायचा अख्खा समोवारच उचलून घेऊन आले.

रिम आणि टायर धुऊन पुसल्यावर तिने कडांना साबण लावला. समोरची कड गुडघ्यांनी रिमच्या खोलगट भागात दाबून धरली, म्हणून शेवटची वीतभर कड लोखंडी पट्टीने थोडी थोडी ढकलताच आत गेली आणि ट्यूबला चिमटा बसला नाही. हवा भरल्यावर टायरवरची बारीक रेघ रिमभोवती सगळीकडे सारख्या अंतरावर आली.

मग आस चाकात घालून तो दोन स्टुलांवर टेकवला. चाक फिरलं, थांबलं; खाली आलेल्या जागी तिने खडूची खूण केली. तीनदा फिरवलं, तिन्ही वेळा तीच खूण खाली.

"आता हा काय तराजू?"

"तराजूच. एक बाजू जड राहिली, की वेगात हँडल थरथरतं." खुणेच्या बरोबर समोरच्या आऱ्याला तिने सोल्डरिंगची शिशाची तार गुंडाळली, थोडी कापली, पुन्हा गुंडाळली.

सासऱ्यांनी स्वतः चाक फिरवलं. वाट पाहिली. पुन्हा फिरवलं. "हे तर कुठंही थांबतंय!"

"तेच हवं होतं."

चाक गाडीला चढलं. सासऱ्यांनी तळवे पसरून आशीर्वाद पुटपुटला, चेहऱ्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "जा. उतारावर जपून."

उतारावर तिने मुद्दामच दोनदा ब्रेक दाबला. हँडल हाताखाली शांत होतं.

कुरणात पोचून तिने डबा उघडला. पाण्यात बोटाएवढे बर्फाचे तुकडे तरंगत होते.

"बाबांनी हात लावला होता का चाकाला?" नवऱ्याने, अल्माझने विचारलं.

"लावला होता."

"मग पोचलीस कशी?"

"धुवायचं पाणीही त्यांनीच तापवलं," सिरिंजमध्ये लस ओढत ती म्हणाली. "ती काळी मेंढी आधी आण. आणि मान घट्ट धर."