एकविसावं नाणं

मूर्तिजापूरच्या चंद्रभान गुरुजींनी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला आणि पोरांनी जन्मभर जांभया दिल्या. त्यांच्या स्वतःच्या दोन मुलांनी तर घरीही दिल्या. मग गुरुजींनी जीव लावला तो नाण्यांना. इंग्लंडातल्या एका म्हाताऱ्या पोस्टमास्तरशी त्यांची पत्रातून दोस्ती होती. गुरुजी इकडची तिकिटं पाठवत, तो वर्षाकाठी एक नाणं पाठवी. सात-साडेसातशे वर्षांपूर्वीची, हातोड्यानं ठोकलेली चांदीची चिल्लर, काही तर करंगळीच्या नखाएवढी. अशी एकवीस जमली. अमरावतीच्या एका कॉलेजच्या संग्रहालयात ती एकत्र राहावीत, एवढीच गुरुजींची इच्छा उरली होती.

पण वाटणी निघाली. थोरला श्याम अकोल्याचा, धाकटा शिवम अमरावतीचा. दोघांचं दोन वर्षं बोलणं बंद. मध्यस्थीला बसले सूर्यभानमामा. मामांचा कायदा सरळ होता: थोरल्यानं वाटे पाडायचे, धाकट्यानं आधी उचलायचं, आणि सामाईक काही म्हणजे काही ठेवायचं नाही. शेत झालं, भांडी झाली, कूलरसुद्धा झाले. मग नाण्यांची डबी निघाली. गुरुजींनी कॉलेजचं सांगून पाहिलं.

"कॉलेजले काहून?" श्याम म्हणाला. "आमी मेलो काय?"

नाण्यांचं प्रेम दोघांपैकी कोणालाच नव्हतं. दुसऱ्याला मिळू नयेत, एवढीच कळकळ होती. दहा-दहा झाली आणि एक उरलं. सगळ्यांत मोठं, अख्खी पेनी.

हिची थोरवी कळली तर पोरं वरमतील, असं गुरुजींना वाटलं. भाबडा माणूस! पेनी तळहातावर घेऊन ते वर्गात सांगावं तसं सांगू लागले. एका बाजूला राजाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला थेट काठापर्यंत गेलेला क्रूस. त्या काळी सुट्टे मिळत नसत, म्हणून लोक क्रुसाच्या रेघेवरून नाणं कापत आणि भाकरीसारखे अर्धे, चतकोर तुकडे करून वापरत. हिला मात्र इतक्या वर्षांत कोणी कात्री लावली नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

शिवम आयुष्यात पहिल्यांदा मन लावून ऐकत होता.

"म्हणजे हे कापासाठीच बनवलं हाय," तो म्हणाला.

श्यामनं भावाकडे पाहिलं. "बराबर बोलून राहिला."

कूलरच्या सामानातली पत्रा कापायची कात्री आली. दोघं भाऊ डोक्याला डोकं लावून नाण्यावर वाकले. मामांनी समाधानानं मान डोलावली.

"एकानं घ्या रे," गुरुजी रडत म्हणाले, "कोणीबी घ्या, पण अख्खं राहू द्या."

तेवढं सोडून काहीही बोला, असं दोघांचे चेहरे सांगत होते. कात्री तिरपी लागली होती. ती सरळ करत श्याम अदबीनं म्हणाला, "बाबा, रेघ कोणती ते तुमीच दाखवा."

गुरुजींनी डोळे पुसले, चष्मा नाकावर सारला आणि नखानं रेघ दाखवली.