मावशीच्या ऑर्किडची दोन पिल्लं

नोकरीच्या प्रशिक्षणासाठी चार महिने बाहेरगावी जाताना मावशीने तिचं ऑर्किड माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाली, "मी येईन तेव्हा टवटवीत दिसलं, तर झाड तुझं."

आईने कपाळावर हात मारून घेतला. "हिच्याकडे? हिला स्वतःचा डबा धुवायला तीनदा सांगावं लागतं!"

मी मात्र हवेत होते. नुकतीच शाळेच्या वादविवाद स्पर्धेत पहिली आले होते. पाचवीपासून वर्गात एकदाही हात वर न केलेली मी, माइकसमोर सलग सात मिनिटं बोलले होते! त्यानंतर मला जगातलं काहीच अवघड वाटेनासं झालं. एक झाड काय, जंगल सांभाळलं असतं.

तर ते झाड मी मारलं.

मुद्दाम नाही हो! बाकीच्या झाडांना घालतात तसंच वरून, पानांच्या मधोमध, पाणी घातलं. रोज. भरभरून. ते पाणी कोंबापाशी साचत गेलं. एका बुधवारी मधलं पान जरा पुसायला गेले, तर ते अलगद हातातच आलं. खाली सगळं काळंमिट्ट, आणि वास असा की नाक धरावं. आदल्याच दिवशी मावशीने फोनवर विचारलं होतं, "झाड कसंय?" आणि मी म्हटलं होतं, "एकदम झकास!" मावशी रविवारी येणार होती.

पण जुन्या फुलाच्या दांडीवर दोन पिल्लं फुटली होती. हुबेहूब मोठ्या झाडासारखी, फक्त पानं बोटभर. एकाला करंगळीएवढी तीन मुळं, दुसऱ्याला मुळाच्या जागी नुसता हिरवा ठिपका. म्हटलं, झालं! दोन सुंदर कुंड्या मावशीसमोर ठेवायच्या आणि सांगायचं, एकाची दोन करून दिली.

नर्सरीवाल्या काकांकडून झाडाच्या सालीचे तुकडे आणले. ते म्हणाले, "मातीत घालू नकोस. मुळांना हवा लागते." साल भिजवली, कात्री उकळून घेतली, दोन्ही पिल्लं कापली. आणि तिथून माझी जी काही परीक्षा सुरू झाली!

ती मुळं वाकतच नाहीत. एक कुंडीत घालावं तर दुसरं बाहेर, दुसरं आत ढकलावं तर पिल्लू उलटं. सालीचे तुकडे टाकले की पिल्लू कलंडणार, सरळ केलं की तुकडे जमिनीवर. पाचव्यांदा जरा जोर लावला तर कट्! खडू मोडावा तसं एक मूळ मोडलं. तिनाची दोन राहिली. मी एवढी ओरडले की बाबा आतून पळत आले.

"काय झालं?"

"हलतंय! सारखं हलतंय! बसतच नाही मेलं!"

माझे बाबा लोकांच्या घरी फरश्या बसवतात. त्यांनी कुंडीला बोटाच्या पेराने टकटक केलं, कान लावला आणि गंभीरपणे म्हणाले, "पोकळ वाजतंय. पोकळ वाजलं की ते उखडणारच."

"बघा ना तुम्हीच," असं म्हणून मी पाय आपटत अभ्यासाला गेले. हे मी म्हटलं होतं, ते खरंय.

शुक्रवारी शाळेतून आले तर दोन्ही कुंड्या दगडासारख्या जड. बाबांनी सालीच्या फटींमध्ये बारीक ओली वाळू ओतून, वरून थापीच्या दांड्याने ठोकून, कुंडी काठोकाठ भरून टाकली होती. वर फरशी सपाट आहे का बघायची पाणसळसुद्धा लावून बघितली असणार, इतकं सपाट!

"आता हात लावून बघ," ते कौतुकाने म्हणाले. "सूतभर हलत नाही."

"बाबा! झाड आहे ते, बाथरूम नाही!"

"तूच बोंबलत होतीस ना, हलतंय म्हणून?"

"मुळांना हवा लागते!"

"मग ते आधी सांगायचं!"

आई दारातून म्हणाली, "बापलेक एका माळेचे मणी. विचारायचं कुणालाच नाही, हात आधी घालायचा."

दोघांनी मिळून मोरीत कुंड्या उपसल्या. बाबा मगाने हळूहळू पाणी सोडत होते, मी बोटांनी वाळू काढत होते. तरी एका मुळाची साल सोललीच, आत नुसता दोरा. उरलं एक. मला इतका राग आला होता की रडू येत होतं, आणि रडू येतंय म्हणून आणखी राग. शेवटी बाबांनी एक बारीक काडी तासून दिली. तिला पिल्लू चिंधीने सैल बांधलं आणि भोवती नुसती साल टाकली. उभं राहिलं! इतकं सोपं होतं ते.

रविवारसाठी मी भाषण तयार केलं होतं. तीन मुद्दे. मावशीने चपला काढायच्या आतच विचारलं, "झाड कुठंय?"

"मेलं," मी म्हटलं. "मी मधोमध पाणी घातलं. तू फोन केलास तेव्हाही ते आजारीच असणार, मी नीट बघितलंच नव्हतं. झकास म्हणून मोकळी झाले."

आई पाणी आणायला गेली. बाबा खिडकीची कडी तपासू लागले.

मावशी कुंड्यांसमोर उकिडवी बसली. एका मुळाचं पिल्लू तिने उचलून बघितलं. "हे मी नेते," ती म्हणाली. "हे वाचू शकतं."

"पण तू म्हणाली होतीस..."

"टवटवीत असेल तर, म्हणाले होते."

स्पर्धेत मी समोरच्यांचे सगळे मुद्दे खोडून काढले होते. पण इथे ती बरोबर होती, आणि ते सगळ्यात जास्त टोचलं.

तिने ठिपक्याचं पिल्लू माझ्याकडे सरकवलं. "हे ठेव. बहुतेक जगणार नाही. जे होईल ते लगेच कळव. खरं कळव."

बहुतेक जगणार नाही, म्हणे! मला ते उचलून खिडकीबाहेर भिरकावावंसं वाटलं. मी ते भिरकावलं नाही. दात आवळून विचारलं, "याला पाणी कसं घालायचं?"

मावशीने माझ्याकडे बघितलं. "हे चार महिन्यांपूर्वी विचारायचं होतंस," ती म्हणाली आणि बाह्या वर सारून तिने पाण्याचा मग मागितला.