धाममायचं जहाज

आमच्या घरात कॉम्प्युटर आला तो आंदणात आला. धाकट्या जावेच्या, म्हणजे आचलच्या बापानं ना फ्रिज दिला ना सोफा, हा खोका दिला. सासूबाईले वाटलं टीव्ही आहे. संध्याकाळी समोर जाऊन बसल्या, मालिकेची वाट पाह्यली, अन् मंग म्हणे, व्याह्यानं बिघडलेला धाडला. मी हसली तर माह्यावरच खेकसल्या. आमच्या घरात हे असंच असते, करे कोण अन् भरे कोण.

मी रुचिका, घरची थोरली सून. वर्ध्यात आमचं किराण्याचं दुकान आहे. सासरे मोतीलाल गल्ल्यावर बसतात, आमचे हे, प्रफुल, माल आणतात. पण गावाले हे घर दुकानानं माहीत नाई, धाममायच्या, म्हणजे धाम नदीच्या देवीच्या, पाटानं माहीत आहे. दुकानाच्या मागच्या खोलीत सागाचा पाट आहे. दर मंगळवारी घरची बाई केस मोकळे सोडून त्याच्यावर बसते, डोमाजीबुवा डहाका वाजवतात, बाईच्या अंगात धाममाय येते अन् लोकं आपलं दुखणंखुपणं तिले विचारतात. आधी सासूबाई, सुलोचनाबाई, बसत होत्या. त्याईचे गुडघे गेले तशी माय माह्यावर आली.

खरंच आली का, असं मले आजपावतो कोणी विचारलं नाई. विचारलं असतं तर सांगतलं असतं. पहिल्या मंगळवारी काहीतरी झालतं. डोळ्यापुढं अंधारी आली, तोंडातून काय निघालं ते मले आठवत नाई, अन् बाया पायावर लोळून राह्यल्या होत्या. त्याच्यानंतर माय काही फिरकली नाई, सारं मलेच करावं लागलं. घुमा, हुंकार द्या, बोअर कुठं खोदायचा ते सांगा, पोरीचं लग्न कवा जमते ते सांगा. सेवाग्रामच्या दवाखान्यात दाखवू का, असं कोणी विचारलं का मी लगेच 'जा' म्हणत होती. तेवढ्याच उत्तराची मले खात्री होती.

बरं, ज्या बाईच्या अंगात माय येते, तिचे नियम किती! परगावी निजू नाई, केसाले कात्री लावू नाई, दुसऱ्याच्या चुलीवरचं खाऊ नाई. माहं माहेर आंजीले, एसटीत बसलं का डोळा लागायच्या आत येते. बाबा, मनोहरराव, भाजीपाला करतात. लग्न झाल्यापासून मी तिथं एक रात्र काढली नाई. लहान बहिणीच्या, गोपिकाच्या लग्नाले गेली अन् वरात दारात यायच्या आधी ह्याईनं मले परत आणलं, काऊन का दुसऱ्या दिवशी मंगळवार. बहिणीच्या डोक्यावर अक्षता टाकायले मी नव्हती. त्याची आग अजून माह्या पोटात आहे.

बोलावं तर सासूबाईचं एकच वाक्य तयार. म्हणे, पाट रिकामा राहत नाई.

आचल नागपूरले कॉम्प्युटर शिकली होती. पुण्याच्या एका गेम बनवणाऱ्या कंपनीत तिनं अर्ज टाकलता. ते म्हणाले, आधी एक गेम स्वतः बनवून दाखव, त्यात गोष्ट पायजे, अन् ती कुठं पाह्यलेली नसली पायजे. म्हणून ही पोट्टी दुपारभर दार लावून खटखट करत बसे. मधातच लाईन गेली का कपाळावर हात मारून घे. एक दिवस तिनं मले खोलीत बोलावलं. म्हणे, ताई, रागवान तर नाई? मी म्हटलं, आधी दाखव, मंग ठरवते.

पडद्यावर काळं आभाळ होतं अन् त्यातून एक जहाज चाललं होतं. पाण्याचं नाई, ताऱ्याताऱ्यातून जाणारं. जहाजाचं नाव धाम. खाली पृथ्वीवरच्या नद्या आटल्या म्हणून सारं गाव त्यात बसून निघालं होतं, लांबच्या वाटेले, अन् लोकं काचेच्या पेट्याईत निजून होते. जहाजाच्या मधोमध चांदीच्या पाटावर धाममाय बसली होती. कपाळावर मळवट, केस मोकळे, पण केसाच्या जागी वायरी. त्या वायरी साऱ्या जहाजात पसरल्या होत्या. मधूनमधून लोकं जागे होत, तिच्यापुढं येऊन विचारत, माय, आता कोणीकडं? माय सांगे. लोकं पुन्हा निजून जात. माय तेवढी निजत नव्हती. माय पाटावरून उठली का जहाज बंद पडते, अशी साऱ्याईची समजूत होती.

मी मायच्या चेहऱ्याकडं पाह्यलं. नाकात उजव्या बाजूले चमकी. बायका डावीकडं घालतात. माहं डावीकडचं भोक लहानपणी पिकलं होतं, म्हणून माही उजवीकडं आहे. साऱ्या वर्ध्यात अशी मी एकटीच असीन.

"ही मी आहे का व?" मी विचारलं.

आचल खाली मान घालून म्हणे, "ताई, तुम्ही उठून गेल्या तर काय होते, ते मले पाह्यचं होतं."

देवाची थट्टा केली म्हणून तिच्या थोबाडीत द्यायले पायजे होती. पण मले रडूच आलं. इतक्या वर्षात त्या पाटावर माय बसली आहे, हेच साऱ्याईले दिसत होतं. तिथं मी बसली आहे, हे या कालच्या पोरीले दिसलं.

मंग तिनं मले खेळायले शिकवलं. खेळणारी एक मिस्त्रीण असते, हातात पाना घेतलेली. दारं उघडत, कुलपं तोडत मायपावतो जायचं, वायरी एकेक सोडवायच्या, अन् तिले उठवायचं. मले ते जमायले लय दुपारी लागल्या. शेवटी एकदाची माय उठली, अन् काय सांगू, माही मिस्त्रीण आपल्या पायानं चालत गेली अन् त्याच पाटावर बसली. वायरी तिच्या डोक्याले चिकटल्या. खाली इंग्रजी अक्षरात मराठी उमटलं: पाट रिकामा राहत नाई. खेळ खतम.

मी म्हटलं, हा कायचा खेळ? हे तर मले घरी फुकटात भेटते. आचल म्हणे, ताई, दुसरा शेवट जमूनच नाई राह्यला. पाट रिकामा ठेवला का जहाज बंद पडते अन् सारे मरतात.

कंपनीले मात्र तो तसाच आवडला. त्याईनं तिले बोलावलं, महिन्याच्या एक तारखेले कामावर ये म्हणे. धीरज, माहा दीर, तिच्यासंगं जायले तयार होता. तिकडं मीही काहीतरी पाहीन म्हणत होता. फक्त आईनं हो म्हणायले पायजे होतं. आता धीरज म्हणजे असा माणूस का आईनं पाणी पी म्हटल्यावर त्याले तहान लागते.

अन् नेमकं तवाच नवरात्र आलं. त्या मंगळवारी खोली गच्च भरली होती, धूप दाटला होता. आचलले निरंकार उपास घडवला होता, पाण्याचा घोट नाई. डहाका चढला अन् ती पोरगी चक्कर येऊन डुलली, डुलली अन् पडली. झालं, बाया ओरडल्या, आली, आली, धाकटीवर आली! सासूबाईनं पाटावरच्या माह्याकडं एक नजर टाकली, अन् लगेच आचलच्या कपाळाले कुंकू फासलं. माह्यातली माय थंडी पडली, गर्दी कमी होऊन राह्यली, हे त्याईच्या ध्यानात कवाच आलं होतं. त्याईनं तिथंच सांगून टाकलं, येत्या मंगळवारपासून पाटावर आचल. पुण्याचं नाव कोणी काढायचं नाई.

मले काय वाटलं, ते लपवत नाई. मले आनंद झाला. इतका का त्या रात्री मी ह्याईले न विचारता पिशवी भरली. मंगळवारी सकाळच्याच गाडीनं आंजीले जायचं, बाबाच्या वांग्याच्या वावरात बसायचं, रात्री आईच्या कुशीत निजायचं, अन् परत आल्यावर केस कापायचे. आठवडाभर मी गाणे म्हणत पोळ्या लाटल्या. आचल मुकाट्यानं कणीक भिजवत होती. एकदाच बोलली.

"ताई, मी एकदा बसली तर उठीन का?"

मी तव्यावरची पोळी उलटली अन् भाजी ढवळली.

मंगळवारी सकाळची गाडी मी सोडली. म्हटलं, पोरगी बसलेली पाहू अन् दुपारच्या गाडीनं जाऊ. पिशवी हातात घेऊन दाराशी उभी राह्यली. आचलले नवं हिरवं लुगडं नेसवलं होतं, केस सोडले होते. धीरज कोपऱ्यात खांबासारखा उभा. डोमाजीबुवानं डहाका धरला. सासूबाईनं तिच्या दोन्ही खांद्यावर हात ठेवले अन् तिले पाटाकडं लोटलं. ती आपल्या पायानं चालत गेली. मले तो खेळ आठवला, ती पाना घेतलेली मिस्त्रीण. पाटाशी जाऊन आचलनं वळून पाह्यलं, ते नवऱ्याकडं नाई, माह्याकडं.

मी पिशवी खाली ठेवली.

केसाची क्लिप काढून फेकली अन् अशी किंकाळी फोडली का डोमाजीबुवाचा हात थांबला. बायाईच्या डोक्यावरून वाट काढत गेली, आचलले बाजूले ढकललं अन् पाटावर बसली. खोलीतले सारे आडवे झाले. या घरात सासूबाईच्या वर एकीचाच हुकूम चालते, धाममायचा. दुसरं कोणतंच हत्यार माह्यापाशी नव्हतं.

"या पोरीवर मी येत नाई," मी म्हटलं. "हिचं पाणी दुसऱ्या नदीचं. हिले पुण्याले धाडा, नवऱ्यासंगं. उद्याच्या उद्या. जो अडवीन त्याच्या दारात मी दिवा लागू देणार नाई."

मी घुमत होती, पण आतून अगदी जागी होती. त्या पाटावरून पहिल्यांदा माहं स्वतःचं मन बोललं होतं, अन् माह्या अंगात हत्तीचं बळ आलं होतं.

सासूबाई हळूहळू गुडघे टेकत पुढं आल्या. त्याईचे डोळे माह्या डोळ्याले भिडले अन् मले कळलं, बाईले सारं माहीत आहे. त्या स्वतः इथं बसल्या होत्या. कवा माय बोलते अन् कवा सून बोलते, हे त्याईच्याहून कोणाले जास्त कळणार? पण 'हे ढोंग आहे' म्हटलं का त्याईचं स्वतःचं सारं आयुष्यही ढोंग ठरत होतं. त्याईनं माह्या पायावर डोकं ठेवलं.

"तुहा हुकूम, माय. धाकटीले धाडते," सासूबाई साऱ्या खोलीले ऐकू जाईन अशा आवाजात म्हणाल्या. "पण पाट रिकामा ठेवून जाशील का? का या थोरलीतच राहशील, हिचा जीव आहे तोवर? साऱ्यादेखत वचन दे."

सारी खोली माह्या तोंडाकडं पाहून राह्यली. दाराशी माही पिशवी होती, वरून गोपिकाच्या पोरासाठी घेतलेलं टोपडं दिसत होतं. आचल भिंतीले टेकून उभी होती. धरलं तर चावते, सोडलं तर पळते.

"राहीन," मी म्हटलं.

डहाका सुरू झाला. लोकं रांगेत लागले. पहिला माणूस बोअरचं विचारायले आलता.

आचल अन् धीरज दुसऱ्याच दिवशी गेले. जाताना तिनं कॉम्प्युटर माह्या खोलीत आणून ठेवला. पिशवी मी रिकामी केली. केस आता कंबरेखाली आले आहेत.

संक्रांतीले धीरज एकटाच आला, तिळगुळासंगं एक सीडी घेऊन. तिनं ताईले द्यायले सांगतली म्हणे. मंगळवारच होता, लोकं जमायचे होते. मी दार बंद करून ती कॉम्प्युटरात लावली. तेच जहाज, तीच माय, नाकात उजवीकडं चमकी. आता मले सारी दारं पाठ होती. एकेक वायर सोडवली, माय उठली, अन् मी वाट पाह्यली का आता मिस्त्रीण जाऊन बसते. ती बसली नाई. पाना हातात धरून तशीच उभी राह्यली. पाट रिकामा. माय खिडकीपाशी गेली, थोडा वेळ बाहेर पाह्यलं, अन् एका काचेच्या पेटीत जाऊन कुशीवर निजली. खिडकीतून तारे मागं सरकत होते. जहाज चालूनच राह्यलं होतं.

"बंद नाई पडलं?"

मी दचकली. सासूबाई मले बोलावायले आल्या होत्या, मागचं दार ढकलून कवा उभ्या राह्यल्या ते कळलंच नाई. पाट रिकामा झाला का जहाज बंद पडते, हे माहं अन् आचलचं बोलणं त्याईनं कवातरी दाराआडून ऐकलं असीन. बिघडलेला टीव्ही म्हणणाऱ्या बाईनं डोळे बारीक करून पडद्यावरचा तो रिकामा पाट पाह्यला. मंग गुडघे धरत पलंगाच्या काठावर बसल्या.

मी म्हटलं, नाई, बंद नाई पडत.

बाहेर डोमाजीबुवानं डहाक्यावर थाप टाकली. सासूबाई उठल्या नाईत.

"पुन्हा लाव," त्या म्हणाल्या. "पुन्हा उठव तिले."

मी खेळ पहिल्यापासून लावला.