नेलपॉलिशखालचा भंडारा

सकाळी पेटीतला बल्ब विझेचना, म्हणून वर्षाराणीनं झाकण उघडून पाहिलं. अंडी उबवायच्या त्या पेटीत पारा चढत चालला होता. तिनं वायर ओढून काढली आणि बोर्ड उघडला. बल्ब चालू-बंद करणारा रिले चिकटला होता, शेजारच्या तांब्याच्या रेषा जळून काळ्या पडल्या होत्या. सास्तूरच्या त्यांच्या गल्लीतल्या निम्म्या घरांची अंडी आत होती आणि दोन दिवसांत पिल्लं फुटायची होती.

उमरग्याच्या दुकानातून शिवप्रसादनं फोनवर सांगितलं, "वहिनी, तसला बोर्ड सोमवारीच येईल." सोमवार काय चाटायचा होता?

मागच्या खेपेला बोर्ड वर्षाराणीनं घरीच बनवला होता. आयटीआय केलेली सून, मग काय विचारता! रेषा तिनं पक्क्या शाईच्या पेनानं काढल्या होत्या. शाई पातळ पडली, तांबं खाणाऱ्या फेरिक क्लोराइडच्या पाण्यानं शाईखालचंही तांबं कुरतडलं. बोर्ड दहा दिवस चालला आणि मग अंडी शिजली. त्यानंतर कुणी अंडं द्यायला तयार नव्हतं. सासू हरणाबाई स्वतः दारोदार फिरली होती, "माझ्या शब्दावर द्या" म्हणत. ही खेप गेली तर सासूचा शब्द जाणार होता, आणि तो परत मिळवायला सून कुठल्या तोंडानं गेली असती?

वर्षाराणीनं बल्बला दारावरच्या बेलचं बटण जोडलं आणि ते सासूच्या हातात दिलं. पारा उतरला की बटण दाबून धरायचं, चढला की सोडायचं. नवरा बालाजी मेंढरं घेऊन माकणीच्या धरणाकडं गेलेला. घरात दोघीच.

"असं किती येळ बसायचं?" हरणाबाईनं विचारलं.

"बोर्ड होस्तवर, आत्या. डोळा लागू देऊ नका."

तांब्याची कोरी प्लेट एकच उरली होती. तिच्यावर रेषा कशानं काढायच्या, हाच सगळा प्रश्न. ज्या रेषा झाकल्या जातील तेवढंच तांबं राहणार, बाकीचं पाणी खाणार. पेनाचं नावही नको. मेंढरांच्या शिंगांना लावायचा ऑइल पेंट घट्ट होता, पण तो वाळायला संध्याकाळ झाली असती. मेणबत्तीचं मेण कोमट पाण्यातसुद्धा सुटलं असतं, आणि घाईच्या कामाला पाणी कोमटच लागतं. राहिलं नेलपॉलिश. लग्नातली लाल बाटली, निम्मी घट्ट झालेली. तिनं ती थिनर घालून सैल केली. जाडही बसतं, वाळतंही लवकर. ठरलं.

प्लेट घासून, धुऊन, कोरडी करून तिनं सासूजवळच्या पाटावर ठेवली आणि ब्रशाऐवजी काडी तासायला चुलीपाशी गेली. परत आली तर प्लेटच्या कोपऱ्यावर पिवळाजर्द ठिपका. हरणाबाईनं एका हातानं बटण सांभाळत दुसऱ्या हातानं बिरोबाचा भंडारा लावला होता. घरात नवीन काही सुरू करायचं तर भंडारा लागतोच. सकाळी केसांना चोपडलेलं तेल त्या बोटाला होतंच.

वर्षाराणी थांबली. तेलावर काही धरत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. चिंधी हातात होती. पण जिनं तिच्यासाठी दारं ठोठावली, तिच्यासमोर देवाचा भंडारा पुसायचा? हात धजेना. तिनं चिंधी खाली ठेवली आणि भंडाऱ्यावरूनच लाल रेषा ओढल्या.

फेरिकच्या तपकिरी पाण्यात प्लेट बुडवून ती डबा हलवत बसली. मागं बटण वाजत होतं, दाबलं, सोडलं. मध्येच वाजायचं थांबलं की वर्षाराणीची मान वळायची. "जागी हाय मी," हरणाबाई म्हणायची. तिचे डोळे लाल झाले होते.

कोपऱ्यातलं लाल नेलपॉलिश सालपटासारखं उचललं आणि पाण्यात तरंगलं. वर्षाराणीनं प्लेट झटकन बाहेर काढून धुतली. पाणी आधीच खालून शिरलं होतं, तीन रेषा तिथं नव्हत्याच.

"काय झालं?"

"पाणी लई तेज झालं, आत्या."

"आण इकडं."

हरणाबाईनं प्लेट उजेडाकडं धरली. जिथलं तांबं गेलं होतं, तिथं बरोबर बोटाएवढी मोकळी जागा पडली होती. तिनं आपलं बोट त्यावर ठेवून पाहिलं.

"पाणी कशाला तेज व्हतंय? हे माझं बोट हाय. पुसलं का न्हाईस?"

"देवाचा भंडारा... तुमाला वाईट वाटलं असतं."

"देव तांब्याचाच हाय आपला. सणाला चिंच लावून घासते मी, भंडारा समदा मोरीत जातो. त्यो कधी रुसला न्हाय." तिनं प्लेट सुनेच्या हातात परत दिली. "दारोदार फिरले ते तू मला भ्यावं म्हणून व्हय गं?"

वर्षाराणीला रडू फुटलं. आत पारा उतरत होता, म्हणून रडत रडतच तिनं सासूचा अंगठा बटणावर दाबला.

तीन रेषा गेल्या होत्या, बाकीचा बोर्ड शाबूत होता. तिनं बारीक वायरीचे तीन तुकडे सोलले, भोकं पाडली, सुटे भाग बसवले, खाल्लेल्या जागी वायरी डाख देऊन जोडल्या. जुन्या स्टॅबिलायझरमधला रिले लावताना तिचं बोट भाजलं. बोर्ड पेटीला जोडून झाला, तरी हरणाबाई बटणावरून अंगठा काढेना. बल्ब लागलेलाच होता.

"राहू दे गं, असू दे तेवढा आधार. तुझा बोर्ड चुकला तर?"

सकाळची वर्षाराणी असती तर गप्प बसली असती.

"आत्या, अंगठा काढा. तुमी दाबून धरलं तर बोर्ड चालतोय का न्हाय, ते कळायचं न्हाय. कालवण बिघडलं तर तोंडावर सांगता ना मला? तसं म्या सांगायली. काढा."

हरणाबाईनं अंगठा उचलला. बल्ब विझला. दोघी पाऱ्याकडं बघत बसल्या. तो अडतीसवरून हळूहळू खाली आला, साडेसदतीसला टेकला. रिले खट् करून वाजला आणि बल्ब आपला आपण लागला.

"आता म्या निजते," हरणाबाई म्हणाली, आणि पेटीपाशीच आडवी झाली.