घूसबाच्या अंगात तीन पाळ्या

रविवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी लालबागच्या पिंगळे चाळीत, मंडळाच्या खोलीत, एका घुशीच्या अंगात आलं.

घूस पुठ्ठ्याच्या पत्त्यावरची होती. नाव घूसबा, जोर नऊ. अंगात आल्यावर अठरा. तिला काढलं होतं प्राचीने, शेपटीचा केस न् केस दाखवून, आणि आता तीच घूस प्राचीवर सोडली होती समोर बसलेल्या राजसने. प्राचीचा जबडा इतका आवळला होता की शेजारी बसलेल्या वैशालीला दात ऐकू येत होते.

हा सगळा खेळ प्राचीच्याच डोक्यातला. दिवसभर ती एका लॅबसाठी घरोघर फिरून लोकांचं रक्त काढायची आणि घरी येऊन राक्षस काढायची. दोन वर्षांत त्रेपन्न झाले. डासोबा, झुरळसिंह, जिन्याखालची म्हातारी पाल, आणि पाण्याच्या टाकीत राहणारा नळासुर, जो पहाटे पाच ते सहा एवढाच येतो. खेळ सोपा. दोघांकडे सात-सात राक्षस, आळीपाळीने हल्ला, ज्याचे सगळे मेले तो हरला. प्रत्येकाकडे 'अंगात आलं' हा पत्ता एकच. तो टाकला की राक्षसाचा जोर दुप्पट, पण तीन पाळ्यांपुरता. मग वारं उतरतं, राक्षस निपचित पडतो आणि टिचकीने मरतो.

खेळायला आठ जण यायचे, त्यांतल्या पाच मुली. रविवारी दोन ते सहा, मंडळाच्या खोलीतलं एकुलतं एक टेबल. प्राचीच्या घरी दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं आणि एक शिलाई मशीन. चाळीत पाय लांब करून, कोणी 'जरा सरक' न म्हणता चार तास बसता येईल अशी तिची जागा म्हणजे हे टेबल. दुसरी नव्हती.

ते टेबल मंडळाचे सेक्रेटरी वीरेंद्रकाकांना हलवायचं होतं. कारण तिथे दुसरा कॅरम बोर्ड येणार होता. तो अकरा वर्षं येत होता. पहिल्या बोर्डावरही आता फक्त वीरेंद्रकाका आणि पावडर एवढेच उरले होते. तरी जागा हवी. भांडणं झाली, प्राचीने एकदा स्ट्रायकर गच्चीवरून फेकला, आणि शेवटी ठरलं की खेळानेच निकाल लावू. प्राची विरुद्ध वीरेंद्रकाकांचा प्रभादेवीचा भाचा राजस. प्राची जिंकली तर टेबल राहील. राजस जिंकला तर टेबल भंगारात आणि रविवारची मंडळी आपापल्या घरात. राजस तीन आठवड्यांत खेळ शिकून आला होता, आणि चांगला शिकला होता. याचाही प्राचीला राग होता.

पंच म्हणून सगळ्यांनी एकमताने कुशाबा आजोबांना बसवलं. सत्तरीचे, गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, काम केलेले, कुणाच्या अध्यात ना मध्यात. शिवाय त्यांना खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणजे निःपक्षपाती. त्यांच्या हातात नियमांचा कागद दिला होता. चष्मा लावून ते तो तासाभरापासून वाचत होते.

तर घूसबा अठराचा झाला. प्राचीकडे उरला होता एकटा डासोबा, जोर चार. राजसकडेही एकटा घूसबाच. कोणीही म्हटलं असतं की पोरगी गेली. पण प्राचीने सुरुवातीपासून तीन 'चुकवा' पत्ते दाबून ठेवले होते. तीन हल्ले, तीन चुकवे. मग घुशीचं वारं उतरणार आणि डासोबा नुसता चावला तरी पुरे.

राजसने हल्ला केला. प्राचीने चुकवला. राजसने परत केला. तिने परत चुकवला. तिसऱ्या वेळी त्याने पत्ता आपटला तो टेबलाचा पाय हलेस्तोवर. प्राचीने शेवटचा चुकवा हळूच ठेवला, बोटं मोडली आणि म्हणाली, "झाल्या तीन. उतरव तुझी घूस."

"कशाला उतरवू?" राजस म्हणाला. "तीन पाळ्या लिहिलंय."

"मग तीन झाल्या ना."

"मला काय माहीत. पंचांना विचार."

सगळे कुशाबा आजोबांकडे वळले. आजोबांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"आता वाजले चार वीस," ते म्हणाले. "म्हणजे दुसरी पाळी चालू. साडेतीन ते बारा. मगे तिसरी, बारा ते सात. मगे उद्या पयली, सात ते साडेतीन. घूस उद्या दुपारी साडेतीनाक सुटतली."

वीरेंद्रकाकांनी कॅरमवरची एक सोंगटी उगाच टिचकवली.

"आजोबा," प्राची म्हणाली. आवाज अगदी मऊ होता, रक्त काढायच्या आधी असतो तसा. "ही गिरणीतली पाळी नाही. खेळातली पाळी."

"पाळी म्हणजे पाळी. तुझी नि माझी वेगळी नाय."

"वेगळीच आहे रे बाबा," दारातून बेबी मावशी म्हणाल्या. त्या निवडायची मेथी घेऊन मॅच बघायला उभ्या होत्या. "माझ्या हिशोबाने तीन पाळ्या म्हणजे तीन महिने. मग तर गणपतीपर्यंत चालेल ही घूस."

पोरी फिस्सकन हसल्या. वीरेंद्रकाकांनी छताकडे बघितलं.

आणि इथे प्राचीचं टाळकं सटकलं, कारण तिला आठवलं हे कशामुळे झालं. तिने मुळात 'टर्न' लिहिलं होतं. सरळ, सगळ्यांना कळेल असं, 'तीन टर्न'. वीरेंद्रकाकांनी कागद परत पाठवला. म्हणाले, मंडळाच्या भिंतीवर इंग्रजी शब्द लागणार नाही, आपली भाषा आपण नाही जपली तर कोण जपणार. खाली सही केली, 'सेक्रेटरी'. प्राचीने त्या रागात 'टर्न' खोडून 'पाळी' घातलं. दुसरं काही सुचलंही असतं. खेप होती, फेरी होती. पण तिला माहीत होतं की काकांना हे मोठ्याने वाचावं लागणार, आणि वाचताना त्यांचं तोंड बघायचं होतं. ते मिळालं. काकांनी सभेत 'राक्षसाचा जोर तीन... तेवढा वेळ' असं वाचून कपाळ पुसलं होतं. पाच मुली हसून हसून भिंतीला टेकल्या होत्या. त्या हसण्याची किंमत आता टेबल.

"आळीपाळीने!" ती ओरडली. "आजोबा, आळीपाळीने खेळतो आपण! आळीपाळीतली पाळी ती!"

आजोबांनी विचार केला. "मग आळी खंय?"

"काय?"

"आळी. पाळी हा, तर आळी खंय लिवलंस?"

"आळी ह्यांच्या डोक्यात आहे," वैशाली पुटपुटली.

"पंचांचा निर्णय अंतिम," वीरेंद्रकाका म्हणाले. त्यांना एकदम गिरण्यांबद्दल फार आपुलकी वाटू लागली होती. "आजोबांनी घाम गाळलाय तिथे. तुम्ही आजकालची पोरं पाळीची चेष्टा करता." मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन ते खोकले. "मार रे राजस."

राजसने घूसबावर हात ठेवला. प्राचीकडे चुकवा नव्हता. डासोबा पुठ्ठ्यावर पंख पसरून बसला होता, त्याला काय.

"थांब," प्राची म्हणाली. "गिरणी ना? चालेल. गिरणी तर गिरणी. आजोबा, दुसरी पाळी साडेतीनला लागते?"

"साडेतीनाक."

"हा घूसबा किती वाजता आला? चार दहाला. चाळीस मिनिटं उशिरा. तुमच्या गिरणीत चाळीस मिनिटं उशिरा आलेल्याला आत घ्यायचे?"

आजोबांचा चेहरा उजळला. "खंयचो घेतत! गेट बंद. परत घराक."

"मग हाकला त्याला!"

पोरींनी टाळ्या वाजवल्या. राजसचा हात घुशीवरून उठला. क्षणभर प्राचीला वाटलं, झालं. पण वीरेंद्रकाकांचे वडील गिरणीत टाइमकीपर होते आणि काही गोष्टी रक्तातून उतरतात.

"बदली!" काका म्हणाले. "घूसबा बदली कामगार आहे. कायम नाही. कोणी गैरहजर राहिला, म्हणून मागाहून बोलावलाय. बदलीला कसला उशीर?"

आजोबांनी मान हलवली, हलवली आणि शेवटी होकारार्थी थांबवली. "ता बरोबर. बदलीक उशीर धरूक जमाचा नाय."

"घुशीला तुम्ही बदली कामगार करताय?" प्राचीच्या कानशिलावरची शीर उडायला लागली. "घुशीला! मी दोन वर्षं राबून हा खेळ केला. माझा कागद, माझे रंग, माझी घूस. ह्या खोलीला झाडू कोण मारतं? आम्ही. पंखा कोणी आणला? आम्ही. आणि तुम्ही, काका, दर रविवारी एकटे बसून राणी घेता, स्वतःच कव्हर देता आणि स्वतःलाच शाबास म्हणता. तुम्हाला जागा पाहिजे! मुली चार तास बसतात ते खुपतं तुम्हाला, कॅरम बिरम काही नाही."

"भाषा सांभाळ."

"तुमच्यामुळेच सांभाळली! म्हणून तर पाळी झाली!"

"प्राची, जाऊ दे ना," राजस जरा ओशाळून म्हणाला. "गेम आहे. मी मारतो, तू हर, विषय संपव."

संपव. हा शब्द कानात शिरला आणि आत कुठेतरी अडकला. प्राचीने डासोबाचा पत्ता उचलला, टेबलावर उलटा ठेवला आणि हाताची घडी घातली.

"संप," ती म्हणाली.

"हार मानलीस?"

"हार नाही. संप. डासोबा संपावर आहे. मागण्या मान्य होईस्तोवर काम बंद. गिरणी पाहिजे होती ना तुम्हाला? घ्या गिरणी."

वीरेंद्रकाका हसले. राजसही हसला, पत्ता उचलला आणि हल्ल्याला हात वर नेला.

"हात खाली घे," कुशाबा आजोबा म्हणाले.

आवाज मोठा नव्हता. पण तासाभरात पहिल्यांदाच तो कागदातून न येता माणसातून आला. राजसने हात खाली घेतला.

"संप असताना पाळी लागत नाय," आजोबा म्हणाले. "भोंगो वाजत नाय. आत कोणी जायचा नाय, मारामारी तर नायच."

"अहो, मग हरली ना ती," काका म्हणाले. "खेळत नाही म्हणजे हरली. डाव संपला."

"डाव संपलो नाय. संपावर गेलो."

"एकच ते!"

आजोबा उभे राहिले. नियमांचा कागद त्यांनी चार घड्या घालून खिशात टाकला. "एकच?" ते म्हणाले. "ब्याऐंशीच्या संपात मी सव्वीस वर्षांचो होतंय. लग्नाक वर्ष नाय झाला. माका सगळे म्हणाले, कुशाबा, संप संपलो, गिरणी बंद झाली, घराक बस. पण संप मागे घेतलो म्हणान माका आजपर्यंत कोणी येऊन सांगूक नाय. एक माणूस नाय. तिथे आता बिल्डिंग आसा, खाली गाड्या धुतत. तू माका सांगतंस, एकच?"

बेबी मावशींनी मेथीची जुडी या हातातून त्या हातात घेतली. प्राचीचा राग होता तेवढाच होता, पण त्याला आता शेजार मिळाला होता. आजोबांचा राग तिच्याहून जुना होता आणि तो कुठे ठेवायचा हे त्यांनाही माहीत नव्हतं असं दिसलं.

"मग आता?" राजसने हळूच विचारलं.

"आता काय," आजोबा म्हणाले. "निकाल नाय. निकाल नाय तर टेबल हलूचा नाय."

काका तरीही टेबलाकडे गेले, कारण ते सेक्रेटरी होते. त्यांनी एका बाजूने पाय धरला. पाच मुली उठल्या आणि टेबलाच्या चार कोपऱ्यांना उभ्या राहिल्या. कोपरे चारच असल्यामुळे पाचवी, वैशाली, काकांसमोर उभी राहिली. काकांनी पाय सोडला.

"किती दिवस चालवणार तू हे?" ते प्राचीला म्हणाले.

"तुम्ही किती दिवस चालवणार?"

पुढच्या रविवारी सगळे आले. टेबलावर घूसबा उताणा आणि डासोबा पालथा, वरून प्लॅस्टिक. त्या टेबलावर खेळता येत नव्हतं, कारण तिथे डाव चालू होता. म्हणजे बंद होता. आठही जण खाली चटईवर बसले आणि नवा डाव मांडला. प्राचीने नियमांचा नवा कागद भिंतीवर चिकटवला. त्यात 'तीन टर्न' असं ठसठशीत लिहिलं होतं. वीरेंद्रकाकांनी तो वाचला आणि काही न बोलता पावडरचा डबा उघडला.

मध्यंतरी त्यांनी राजसला निरोप घेऊन पाठवलं. मागण्या काय आहेत, लिहून दे म्हणाले, विचार करू. प्राचीने लिहिल्या. खोलीची एक चावी. रविवारचे चार तास कायम, कागदावर, सहीनिशी. मंडळाच्या कमिटीत दोन मुली. काकांनी पहिली मान्य केली, दुसरीवर विचार करतो म्हणाले आणि तिसरीवर हसले.

"हसले?" प्राचीने विचारलं.

"म्हणजे... थोडेसे," राजस म्हणाला. त्याला चटईवर जागा करून दिली होती. त्याच्या हातात सात पत्ते होते.

"मग सांग त्यांना, डास पालथाच राहील," प्राची म्हणाली. "आणि तू लवकर टाक पत्ता. तुझा टर्न आहे."